मोठेपणाचा तराजू

आमच्या कोल्हापूर भागात वादाला निमित्त लागत नाही, बसायला कट्टा असला की पुरे. गडमुडशिंगी हे आमचे गाव करवीर तालुक्यातले, शहराला खेटून असलेले. एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला विमानतळ. पेठेतले काम आटोपून, शेतातून किंवा कारखान्याच्या पाळीवरून परतून माणसे टेकतात, आणि बोलता बोलता गोष्ट एकाच प्रश्नावर येते : मोठा कोण? खंचनाळे मोठे की आंदळकर? मारुती माने की दादू चौगुले? तालमी-पेठांच्या फुटबॉल संघांवरून तर सख्खे भाऊ अबोला धरतात. अलीकडे क्रिकेटच जास्त चालते. मोबाइलवर सगळे आकडे असल्यामुळे तरुण मुलांना वाटते की वाद मिटवणे आता सोपे झाले आहे. आकडा दाखवायचा, समोरचा गप्प.

पण काही माणसे अशी असतात की त्यांच्यापाशी आकडाच गप्प होतो. बाळू पालवणकर हे त्यांतले एक. त्यांचे नाव निघाले की आमच्यात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हिंदुस्थानातला पहिला थोर गोलंदाज हाच. दुसरा म्हणतो, "चाचा, एक कसोटी नाही खेळलेला माणूस. थोर कसा म्हणायचा? तुम्हाला त्याची दया येते, म्हणून तुम्ही मोठा म्हणताय." हा दुसरा आक्षेप आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण तो क्रिकेटच्या पलीकडचा आहे. ज्या माणसाला संधीच पुरती मिळाली नाही, त्याचे मोठेपण मोजायचे कशाने? न मिळालेल्या संधीचे वजन तराजूत टाकायचे की नाही? टाकले तर ते न्यायाचे होते की दयेचे? या प्रश्नांचा जमेल तेवढा उलगडा इथे करायचा आहे.

आधी माणूस कोण होता ते पाहू. पालवणकर हे मूळ कोकणातल्या पालवणचे, चर्मकार समाजातले कुटुंब. बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे लहानपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. पहिली नोकरी पुण्याच्या पारशी क्लबात : खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. नंतर १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार चार रुपये. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे ही कामे होतीच, त्यांत क्लबातल्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम वाढले. डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारा हा पोरगा साहेबांच्या नजरेत भरला. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित गोरा फलंदाज. आपल्याला बाद केलेस तर दर वेळी आठ आणे देईन, असे त्याने बाळूंना सांगितल्याची गोष्ट पुढे सगळीकडे सांगितली गेली. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, तिच्यातला एक तपशील मात्र पक्का आहे. या मुलाच्या हाती तिथे शेकडो तास चेंडू होता, बॅट कधीच नव्हती. फलंदाजी साहेबांनी करायची, घाम नोकराने गाळायचा, अशी वाटणी होती.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, आणि हरवू शकणारा गोलंदाज तर गोऱ्यांच्याच मैदानावर झाडू मारत होता. त्याला घ्यायचे की नाही यावर क्लबात वाद झाला. शेवटी घेतले. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरत होता, त्याला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यावर कान उपटले होते. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला काय हरकत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. प्लेगच्या साथीच्या काळात बाळू मुंबईला गेले आणि तिथल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने त्या विजयात जातिभेद सैल होण्याची खूण पाहिली. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू आणि अलीगढच्या कॉलेजात खेळून तयार झालेले मुसलमान खेळाडू असा तो मिश्र संघ होता. महाराज फारसे खेळलेच नाहीत आणि संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले.

आता आकड्यांचा हिशेब करू. प्रथम दर्जाचे सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. पहिला आक्षेप असा की ३३ सामने म्हणजे काहीच नाही, आजचा गोलंदाज तेवढे तीन-चार हंगामांत खेळतो. दुसरा आक्षेप असा की त्या काळी आपल्याकडच्या खेळपट्ट्या ओबडधोबड, तेव्हा सगळ्यांचीच सरासरी कमी असायची. आमचे झहीर खान घ्या. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या श्रीरामपूरचा हा पोरगा ९२ कसोट्यांत ३११ बळी घेऊन गेला. त्याची सरासरी ३२.९४. मग बाळू झहीरच्या दुप्पट मोठे म्हणायचे का? असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. काळ वेगळा, खेळपट्टी वेगळी, फलंदाज वेगळे. दोन काळांतल्या सरासऱ्या शेजारी मांडून मोठेपण ठरत नाही. हा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे.

पण आकडे नीट वाचले तर तेच काही सांगूनही जातात. १७९ पैकी ७५ बळी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातले आहेत, सरासरी २०.१२. म्हणजे मायदेशातल्या १०४ बळींची सरासरी बाराच्या आत येते. घरच्या खेळपट्ट्यांनी हात दिला, हे खरेच ठरते. उलट इंग्लंडमधला वीसचा आकडा घरच्या खेळपट्टीचा नाही. तिथे समोर कौंटी संघांचे पगारी, मुरलेले फलंदाज होते, पाठीशी हरणारा संघ होता, आणि बाळूंचे वय पस्तीस होते. फिरकी गोलंदाजाला परक्या हवेत, परक्या मातीत इतके बळी मिळतात तेव्हा ते खेळपट्टीच्या मेहेरबानीने मिळत नाहीत. लेस्टरशायरविरुद्ध त्यांनी एका सामन्यात अकरा बळी घेतले, आणि दौऱ्यातल्या मोजक्या विजयांत तो सामना मोडतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. बाळूंची प्रथम दर्जाची कारकीर्द कागदावर सुरू होते १९०६ साली, म्हणजे त्यांच्या वयाच्या तिसाव्या वर्षाच्या तोंडावर. गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षे कागदावर कोरी आहेत. त्या वर्षांत ते गोलंदाजी करत नव्हते असे नाही, रोज तासन् तास करत होते. पण ती नोकरी होती, तिचा स्कोअर कुणी लिहीत नव्हते. आणि हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर झाला १९३२ साली. त्या सामन्याच्या पहिल्या डावात मोहंमद निसारने पाच बळी घेतले तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. 'एकही कसोटी नाही' हे वाक्य खरे आहे, पण त्यात बाळूंविषयी काहीच सांगितलेले नाही. ते कॅलेंडरविषयीचे वाक्य आहे.

याच जातीचा वाद अमेरिकेत बेसबॉलमध्ये झाला. बेसबॉलचा पिचर म्हणजे आपला गोलंदाजच. सॅचेल पेज हा काळा पिचर त्यांच्या काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये उमेदीची सगळी वर्षे खेळला, कारण गोऱ्यांच्या मोठ्या लीगचे दार बंद होते. दार उघडल्यावर १९४८ साली तो आत गेला तेव्हा त्याचे वय बेचाळीस होते. मोठ्या लीगमधले त्याचे आकडे पाहिले तर एक बरा म्हातारा पिचर दिसतो. म्हणून कित्येक वर्षे वाद चालला : दंतकथा बाजूला ठेवा, कागदावर काय आहे ते सांगा. अखेर डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मंडळाने काळ्यांच्या त्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला, आणि २०२४ मध्ये संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रे चाळून जमवलेले आकडे मुख्य नोंदीत मिळवले. जॉश गिब्सन या काळ्या फलंदाजाची सरासरी त्यामुळे एका दिवसात इतिहासातली सर्वोच्च ठरली. त्याला मरून सत्त्याहत्तर वर्षे झाली होती. चेंडू, बॅट, धावा त्याच होत्या, बदलला तो वही लिहिणाऱ्यांचा निर्णय. आकडा स्वच्छ असतो, तटस्थ असतो, असे आपण मानतो. पण कुठले सामने मोजायचे हे ठरवणारा माणूस तटस्थ होता की नाही, हे आकड्यावर लिहिलेले नसते.

इथे आमच्यातला तरुण तट पुन्हा उठतो : "मग संधी न मिळालेला प्रत्येक जण थोर म्हणायचा का?" हा प्रश्न टाळून चालणार नाही. कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. इथे जन्मलेल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला असताना काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. मुंबईचे पद्माकर शिवलकर घ्या. डाव्या हाताची फिरकी, १२४ प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी, आणि कसोटी शून्य. त्यांच्या काळात तीच गोलंदाजी करणारा बिशनसिंग बेदी संघात होता. ३ मार्च २०२५ रोजी शिवलकर गेले तेव्हा सगळ्या अग्रलेखांत हळहळ होती.

बाळू, निंबाळकर, शिवलकर या तिघांनाही कसोटी मिळाली नाही. तिघांचे दुःख एकच का? आम्हाला तसे वाटत नाही. शिवलकरांच्या वाट्याला आले ते दुर्दैव. एका जागेसाठी दोन थोर माणसे एकाच काळात जन्मली. त्यात निवड चुकली असेही म्हणता येईल, पण शिवलकरांना कुणी पॅव्हिलियनबाहेर चहा दिला नाही. निंबाळकरांवर एका दिवशी एका माणसाच्या कोत्या मनाचा प्रसंग आला. बाळूंचे वेगळे आहे. त्यांची संधी कुणा एकाने हिरावली नाही. ती एका रीतीने हिरावली, आणि ती रीत पाळणारे लोक स्वतःला भले समजत होते. दुर्दैवाचा जाब कुणाला विचारता येत नाही. अन्यायाचा जाब विचारता येतो, आणि विचारलाही पाहिजे. म्हणून दुर्दैवी माणसाबद्दल हळहळावे आणि अन्याय झालेल्याचा हिशेब मांडावा, असा फरक आम्ही करतो.

आता दयेचा मुद्दा. अन्याय झाला म्हणून कुणाच्या खात्यात बळी वाढत नाहीत, हे आम्ही तरुणांच्या बरोबरीने म्हणतो. उमेदीची वर्षे मिळाली असती तर बाळूंनी पाचशे बळी घेतले असते, असे छातीठोक सांगणारे आमच्यातही आहेत. हे सांगणे प्रेमाचे आहे, पण खरे-खोटे करता न येणारे आहे. कल्पनेतले बळी मोजायला लागलो तर प्रत्येक जण आपापल्या लाडक्याच्या खात्यात हवे तेवढे टाकील. शिवाय दयेतून दिलेले मोठेपण घेणाऱ्याला खाली पाहायला लावते. बाळूंना ते नको झाले असते, असे त्यांच्या वागण्यावरून वाटते. ते आयुष्यभर चेंडू हातात घेऊन उभे राहिले, हात पसरून नव्हे. तेव्हा दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. एक हिशेब खेळाचा : त्याने काय केले. दुसरा हिशेब समाजाचा : आपण त्याला काय करू दिले. पहिल्यात दुसऱ्याची रक्कम मिसळायची नाही, आणि पहिला पुरा झाला म्हणून दुसरा फाडून टाकायचा नाही.

मग पहिल्या हिशेबासाठी कुठले माप वापरायचे? आमच्या मातीत एक जुने माप आहे. पैलवानाला सरासरी नसते. वस्तादाला कुणी विचारत नाही की तुमच्या पठ्ठ्याची शेकडा कामगिरी किती. विचारतात ते हे : कुणाला पाडले? आणि पडलेल्याने काय म्हटले? शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत हजारो माणसे बसून पाहायची, आणि निकाल त्यांच्या डोळ्यांत लिहिला जायचा. साताऱ्याच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, हेलसिंकीत १९५२ साली कांस्यपदक घेऊन आले. सरकारी अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. कोल्हापूरने त्यांना मोठे मानायला त्या पुरस्काराची वाट पाहिली नव्हती.

या मापाने बाळूंकडे पाहा. ज्यांनी त्यांना तोंड दिले त्यांत ग्रेगसारखे त्या काळातले सर्वांत चांगले फलंदाज होते, आणि त्यांनी या नोकराला सरावासाठी मुद्दाम बोलावले. जातीच्या नियमात मुरलेल्या क्लबाने नियम वाकवून त्यांना संघात घेतले. ज्याला बाहेर ठेवण्याची हजार वर्षांची सवय, त्याला आत घ्यावे लागते, तेव्हा त्याच्या गोलंदाजीला याहून मोठा दाखला कुठला असणार? तो दाखला मित्रांचा नाही, नाखुषीने दिलेला आहे, म्हणून अधिक विश्वासाचा आहे. कागद जिथे कोरा आहे तिथे साक्ष आहे. आपल्याकडे न्यायनिवाड्यात कागद नसला तर साक्षीदार विचारतात. खेळाच्या निवाड्यात ते का विचारू नयेत?

एका गोष्टीला मात्र या मापातही जागा नाही, ती कर्णधारपदाची. वर्षामागून वर्षे संघातला सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी गोलंदाज असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९१३ च्या सुमारास कर्णधार झालेल्या पै यांनी स्वतः सांगितले होते की हा मान बाळूंचा होता. १९२० साली बाळूंना वगळले आणि नेतृत्वाच्या प्रश्नात पालवणकर पुन्हा डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळायला नकार दिला. लोकांत चर्चा झाली, दबाव आला, अंतिम सामन्याला ते परतले. बाळू उपकर्णधार झाले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा थोडा वेळ का होईना संघ बाळूंच्या सांगण्यावरून हलला. तो त्यांचा शेवटचा प्रथम दर्जाचा सामना. तीन वर्षांनी, १९२३ साली, धाकटे विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली.

त्याच १९२० च्या मार्चमध्ये आमच्या कोल्हापूर संस्थानात माणगावला परिषद भरली होती. शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांकडे बोट दाखवून, हा तुमचा पुढारी, असे अस्पृश्य समाजाला सांगितले. याच महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग उभे केले. गंगाराम कांबळे या अस्पृश्य माणसाला त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढायला लावले आणि तिथे थांबून स्वतः चहा घेत. पुण्याच्या पॅव्हिलियनबाहेरचा चहा आणि कोल्हापूरच्या रस्त्यावरचा हा चहा, दोन्ही एकाच पिढीतले. त्या काळी लोकांना एवढेच कळत होते, अशी सबब आपण पूर्वजांसाठी काढतो. कांबळ्यांच्या दुकानातला चहा ती सबब पुसून टाकतो. कळणाऱ्यांना तेव्हाही कळत होते.

एक आक्षेप अजून उरतो, आणि तो आमच्या जवळच्याच लोकांकडून येतो. बाळू पुढे राजकारणात गेले. पुणे कराराच्या वेळी ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या माणसाने आपल्याच समाजाच्या सर्वांत मोठ्या नेत्यासमोर उभे राहायचे मान्य केले, त्याला थोर कसे म्हणायचे? आमचे म्हणणे असे की हा तिसरा हिशेब आहे. त्यात बाळूंवर टीका करायला जागा आहे, आणि ज्यांनी मैदानावर त्यांना कर्णधार केले नाही पण निवडणुकीत आघाडीला उभे केले, त्यांच्यावर टीका करायला त्याहून जास्त जागा आहे. पण १९३७ चे मत १९११ च्या चेंडूला मागे जाऊन धक्का लावत नाही. माणूस एका ठिकाणी थोर असून दुसऱ्या ठिकाणी चुकू शकतो. सगळीकडे थोर असलेलाच माणूस थोर, अशी अट घातली तर जगात एकही नाव उरणार नाही. गरिबाच्या आणि खालच्या मानलेल्या माणसाच्या बाबतीतच ही अट आपण जास्त कडक लावतो, हेही ध्यानात घ्यावे.

वाचकहो, हा वाद आपल्याला इतका का लागतो, हेही बोलून टाकू. चौरंगी स्पर्धेत संघ धर्मावर पडत : युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान. मैदानावर जिंकून द्यायचे असेल तेव्हा बाळू हिंदू होते, चहाच्या वेळी ते हिंदू नव्हते. कामापुरते आत, मानापुरते बाहेर. ही गोष्ट आपल्याला पुस्तकातली वाटत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये विश्वचषक टी-ट्वेंटीत पाकिस्तानकडून भारत हरला, आणि अकरा जण हरलेले असताना शिव्या एकट्या मोहंमद शमीला पडल्या. कर्णधार विराट कोहली त्याच्या पाठीशी उभा राहिला, ही त्यातली दिलाशाची बाजू. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच शमीने वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ५७ धावांत सात बळी घेतले, स्पर्धेत सर्वांत जास्त चोवीस बळी त्याचे, आणि तो सगळ्या देशाचा लाडका झाला. आनंद आम्हालाही झाला. पण सात बळी घेतल्यावर मिळणारे आपलेपण हे आपलेपण नसते, तो पगार असतो. आठ आण्यांचीच ती सुधारलेली आवृत्ती.

म्हणूनच आपणही उलट्या बाजूने घसरू नये. झहीर आपला, शमी आपला, निसार आपला, म्हणून ते मोठे, असे आपल्या मुलांना शिकवले तर आपणही तोच खोटा तराजू हातात घेतो, फक्त पारडे बदलून. झहीर मोठा असेल तर २०११ च्या विश्वचषकातल्या एकवीस बळींमुळे आणि जुना चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याच्या कसबामुळे. त्याच्या नावामुळे नव्हे. बाळू आपल्या धर्माचे नव्हते, जातीचे नव्हते, ते तर मुसलमानांच्या संघाविरुद्ध खेळले. तरी गडमुडशिंगीच्या कट्ट्यावर आम्ही त्यांच्यासाठी भांडतो. इन्साफाची खरी कसोटी परक्याच्या हक्कासाठी बोलताना लागते, असे आम्हाला वाटते.

तेव्हा आमचा निवाडा असा. बाळू पालवणकर थोर गोलंदाज होते, आणि हे म्हणायला दयेची गरज नाही. इंग्लंडमधले बळी, त्यांना तोंड देणाऱ्यांची साक्ष, आणि चाळिशी उलटल्यावरही टिकलेला हात एवढे त्याला पुरते. ते सर्वश्रेष्ठ होते का, हे सांगता येणार नाही. ते सांगता येऊ नये अशी व्यवस्था करणारे लोक होऊन गेले. हे 'सांगता येणार नाही' हाच अन्यायाचा सर्वांत खोल भाग आहे. तो बळी हिरावतोच, पुढच्यांना कळण्याचा हक्कही हिरावतो. ही रिकामी जागा कल्पनेने भरू नये आणि नाहीही म्हणू नये. तिला रिकामी म्हणून दाखवावे, आणि कुणामुळे रिकामी राहिली ते लिहावे.

यातून आपल्यासाठी एक साधे काम निघते. आपल्या गावोगाव टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात, तालमीत पोरे लढतात, आता मुलीही लढतात आणि धावतात. यांतल्या कुणाची नोंद राहते? स्पर्धा संपली की स्कोअरची वही रद्दीत जाते. उद्या कुणी म्हणेल, कागद दाखवा, आणि आपल्याकडे नुसत्या आठवणी असतील. ज्यांचे आकडे मोठ्यांच्या वहीत जात नाहीत त्यांनी आपली वही आपण ठेवली पाहिजे : तारीख, गाव, समोर कोण होते, काय झाले. कुणी वही लिहिली तर तिच्यात समोरच्या संघाचे बळीही तितक्याच खरेपणाने लिहावेत. मोठा कोण हे पुढचे लोक ठरवतील. त्यांच्यापुढे पान कोरे ठेवू नये, एवढे आपल्या हातात आहे.